पत्ते झाकून बघा: टीव्हीवरचा पोकर समजून घ्यायचा असेल तर

पोकरचा कार्यक्रम पहिल्यांदा बघणाऱ्याला दोनच गोष्टी दिसतात: चिप्सचे (पैज लावायच्या चकत्यांचे) ढीग आणि सतत चालू असलेली तोंडं. मलाही तेवढंच दिसलं होतं. कोथरूडला मित्राच्या घरी दर शनिवारी रात्री आम्ही चौघं जमायचो, यूट्यूबवर जुने भाग लावायचो, आणि जो जास्त बोलतो तो मोठा खेळाडू असं धरून चालायचो. सहा-सात महिने असेच गेले. एके दिवशी माझा मामा आमच्यात येऊन बसला. तो चाळीस वर्षं ब्रिज खेळतोय, पोकर कधी खेळलेला नाही. अर्धा तास गप्प बसून बघितल्यावर तो एवढंच म्हणाला, "अरे, हा बोलतोय ते सोड. ह्याने किती डाव टाकून दिले ते कुणी मोजलं का?"

कुणीच मोजले नव्हते. त्या दिवसापासून माझी बघण्याची पद्धत बदलली. माझे महिने वाया गेले तसे तुमचे जाऊ नयेत, म्हणून ती इथे क्रमाने मांडतोय. हा लेख पैसे कमावण्यासाठी नाही. एक अवघड खेळ नीट कसा बघायचा, आणि त्यातलं कसब, अहंकार आणि बोलणं वेगवेगळं कसं ओळखायचं, एवढ्यापुरताच आहे.

आधी जमवायचं साहित्य

- पत्त्यांचा एक जोड. प्लॅस्टिकचा असेल तर उत्तम, तुळशीबागेत सहज मिळतो. जोकर काढून ठेवा.
- माणशी शंभर चिंचोके. घरात नसतील तर बटणं किंवा राजमा चालेल.
- शंभर पानी वही आणि पेन.
- जाड कागदाची पट्टी आणि चिकटपट्टी. ही कशाला ते तिसऱ्या पायरीत सांगतो.
- दोन-तीन माणसं. एकट्याने बघून हा खेळ फार हळू कळतो.

कागदपत्रं, नोंदणी, अ‍ॅप यातलं काहीही लागत नाही. कुणी मागत असेल तर तिथून उठा.

१. तीन पत्ती डोक्यातून बाजूला काढा

आपल्यातले बहुतेक जण दिवाळीत, गणपतीच्या जागरणात किंवा ट्रिपला तीन पत्ती शिकलेले असतात. त्यामुळे 'ब्लाइंड', 'पॅक', 'शो' हे शब्द ओळखीचे वाटतात आणि खेळही तोच असेल असं वाटतं. नवख्याची पहिली मोठी चूक इथेच होते.

तीन पत्तीत सिक्वेन्स (ओळीने येणारे पत्ते) कलरला (सगळे पत्ते एकाच रंगाचे) मारतो, पोकरमध्ये कलर सिक्वेन्सला मारतो. तीन पत्तीत एकसारखे तीन पत्ते म्हणजे ट्रेल, सगळ्यांचा बाप. पोकरमध्ये तेच तीन पत्ते साध्या सिक्वेन्सच्याही खाली असतात. ही कुणाची लहर नाही, मोजणी आहे. ५२ पत्त्यांतून तीन पत्ते उचलले तर साधे कलर १,०९६ प्रकारे होतात आणि साधे सिक्वेन्स ७२० प्रकारे, म्हणून तिथे सिक्वेन्स दुर्मिळ. पाच पत्त्यांत साधे कलर ५,१०८ आणि साधे सिक्वेन्स १०,२००. जे दुर्मिळ ते वरचं. आणखी एक: पोकरमध्ये इस्पीक-बदाम अशी रंगांची उतरंड नाही. चारही रंग सारखेच.

टीव्हीवर बहुतेक वेळा दिसतो तो टेक्सास होल्डेम. प्रत्येकाला दोन झाकलेले पत्ते. मध्ये सगळ्यांचे मिळून पाच उघडे पत्ते: आधी तीन एकदम, त्याला फ्लॉप म्हणतात, मग चौथा टर्न, मग पाचवा रिव्हर. सातांतून सर्वांत चांगले पाच धरायचे. पत्ते वाटल्यावर एकदा आणि त्या तीन टप्प्यांनंतर एकेकदा, अशा चार वेळा पैज लावता येते. नऊ-दहा डाव चिंचोक्यांवर वाटून बघा, अंगवळणी पडतं.

२. कॅश गेम आहे की टुर्नामेंट, हे पहिल्या मिनिटाला शोधा

समोरच्या चिप्सचा अर्थ यावर ठरतो. टुर्नामेंटमध्ये चिप्स म्हणजे पैसे नव्हेत. वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर ही लास व्हेगासची स्पर्धा १९७० पासून चालू आहे. तिच्या मुख्य स्पर्धेची फी दहा हजार डॉलर असते. ती भरली की चिप्स मिळतात, त्या संपल्या की घरी. त्यामुळे समालोचक "वीस लाखांची पैज" म्हणाला तरी त्या माणसाच्या खिशातून वीस लाख जात नसतात, त्याचं स्पर्धेतलं आयुष्य पणाला लागलेलं असतं.

कॅश गेममध्ये मात्र समोर दिसतात ते खरेच पैसे. २००६ मध्ये सुरू झालेल्या 'हाय स्टेक्स पोकर' या अमेरिकी कार्यक्रमात बसायलाच किमान एक लाख डॉलर लागत, आणि टेबलावर नोटांची बंडलंही दिसत. तिथे हरलेला माणूस पुन्हा पैसे काढून बसू शकतो, म्हणून तिथलं बोलणंही सैल असतं. टुर्नामेंटच्या शेवटच्या टप्प्यात तोच माणूस घट्ट मिटून बसतो. आधी स्वभाव बदलला असं समजू नका, खेळाचा प्रकार बदललेला असतो.

३. पडद्यावरचे पत्ते झाका

या लेखातलं एकच काही करायचं ठरवलंत तर ही पायरी करा.

पूर्वी टीव्हीवर पोकर कंटाळवाणा व्हायचा, कारण बघणाऱ्याला झाकलेले पत्ते दिसतच नसत. पोलंडमध्ये जन्मलेले, नाझींच्या छळछावण्यांतून वाचून अमेरिकेत आलेले आणि खेळणी बनवण्याच्या धंद्यात नाव कमावलेले हेन्री ओरेनस्टाइन यांनी टेबलात कॅमेरा बसवून खेळाडूचे पत्ते प्रेक्षकाला दाखवण्याच्या कल्पनेचं पेटंट घेतलं. १९९९ मध्ये ब्रिटनच्या चॅनल फोरवर 'लेट नाइट पोकर'मध्ये टेबलाच्या काचेखालून पत्ते दिसू लागले. २००३ मध्ये 'वर्ल्ड पोकर टूर' अमेरिकेत घराघरांत पोचली. पुढे तर पत्त्यांतच इलेक्ट्रॉनिक चिप बसवून ते आपोआप पडद्यावर यायला लागले.

यामुळे खेळ रंजक झाला, पण प्रेक्षकाला एक वाईट सवय लागली. दोघांचेही पत्ते दिसत असल्यामुळे आपण घरी बसून म्हणतो, "एवढंही कळेना ह्याला?" त्याला कळणार कसं? त्याला तुमच्या निम्मंच दिसतंय.

म्हणून कागदाची पट्टी घ्या आणि टीव्हीवर जिथे पत्ते उमटतात तिथे चिकटवा. काही कार्यक्रमांत ते डावीकडे येतात, काहींत खाली, त्याप्रमाणे पट्टी हलवा. डाव संपेपर्यंत काढू नका. रिव्हर पडला की व्हिडिओ थांबवा आणि वहीत दोन ओळी लिहा: याच्याकडे काय असेल, त्याच्याकडे काय असेल. मग चालू करा. मग पट्टी काढून तोच डाव पुन्हा बघा.

सरावाला मी प्रत्येकाला एकच डाव सांगतो. २००३ ची मुख्य स्पर्धा, ८३९ खेळाडूंतून शेवटी दोघं उरलेले. एकीकडे सॅमी फार्हा, मुरलेला व्यावसायिक, तोंडात न पेटवलेली सिगारेट. दुसरीकडे ख्रिस मनीमेकर, टेनेसी राज्यातला अकाउंटंट, इंटरनेटवरच्या थोडक्या फीच्या पात्रता स्पर्धेतून इथवर आलेला. आधी पट्टी लावून बघा. फ्लॉपवर इस्पीक नव्वी, चौकट दुर्री, इस्पीक छक्की. टर्नला इस्पीक अठ्ठी. इथे फार्हा पैज लावतो, मनीमेकर ती वाढवतो, फार्हा कॉल करतो, म्हणजे तेवढ्याच चिप्स घालतो. रिव्हरला बदाम तिर्री. फार्हा चेक करतो, म्हणजे पैज न लावता पाळी पुढे देतो. मनीमेकर सगळ्या चिप्स लावतो.

आता थांबवा आणि लिहा. तीन इस्पीक उघडे आहेत, ज्याच्या हातात दोन इस्पीक असतील त्याचा कलर झालेला आहे. मनीमेकर हलत नाही, बोलत नाही. फार्हा त्याला बोलतं करायला बघतो, तुझा कलर हुकलेला दिसतोय अशा अर्थाचं काहीतरी म्हणतो. उत्तर येत नाही. बराच विचार करून फार्हा पत्ते टाकतो.

पट्टी काढा. फार्हाकडे राणी आणि नव्वी, म्हणजे नव्वीची जोडी, टेबलावरची सर्वांत मोठी. मनीमेकरकडे इस्पीक राजा आणि बदाम सत्ती. काहीही झालेलं नाही. कलरही हुकलेला, सिक्वेन्सही हुकलेला.

आमच्यातल्या एकाने पट्टीशिवाय बघून फार्हाला बावळट ठरवलं होतं. पट्टी लावून बघितल्यावर त्यानेच वहीत लिहिलं, "मीही टाकले असते." फार्हाचा अंदाज बरोबर होता, शब्दही बरोबर आले होते. पण चुकला तर स्पर्धा तिथेच संपणार होती, कारण मनीमेकरकडे चिप्स जास्त होत्या. बरोबर अंदाज असणं वेगळं आणि त्या अंदाजावर सगळं लावणं वेगळं, हे या एका डावात दिसतं. मनीमेकर पुढे २५ लाख डॉलर जिंकला. पुढच्याच वर्षी त्या स्पर्धेला २,५७६ जण आले, २००६ ला ८,७७३. टीव्हीवर एक अकाउंटंट जिंकलेला बघून लोक आले होते.

४. बोलण्याची जात ओळखा

मामाला सर्वांत जास्त आश्चर्य वाटलं ते याचं. ब्रिजमध्ये बोली ठरलेल्या शब्दांतच करायची, आवाजाचा सूर बदलून भिडूला काही सुचवलं तरी तो अपराध. पोकरमध्ये भिडूच नाही, प्रत्येक जण एकटा, म्हणून बोलायला मोकळीक आहे. पण ती मोकळीक अमर्याद नाही.

आधी बंधनकारक शब्द वेगळे काढा. आपली पाळी असताना "कॉल", "रेझ" (पैज वाढवली), "ऑल-इन" (सगळ्या चिप्स लावल्या), "फोल्ड" (पत्ते टाकले) म्हटलं की ते झालंच, मागे घेता येत नाही. मोठ्या स्पर्धांत डाव चालू असताना टेबलावर इंग्रजीच बोलायचं असतं, दोघं आपल्या भाषेत संगनमत करू नयेत म्हणून. डावात नसलेल्याने सल्ला द्यायचा नाही. दोघांहून जास्त जण डावात असतील तर आपल्या पत्त्यांबद्दल बोलायचं नाही. कुणी फारच वेळ काढत असेल तर दुसरा खेळाडू त्याच्यावर घड्याळ लावायला सांगू शकतो.

उरलेलं सगळं बोलणं म्हणजे टेबल टॉक. माझ्या वहीत मी त्याचे प्रकार पाडलेत.

पहिला, *खोदून काढणारं बोलणं*. कॅनडाचा डॅनियल नेग्रानू यात मुरलेला. तो समोरच्याला हसत हसत सांगतो, तुझ्याकडे हे असेल किंवा ते असेल. लोक म्हणतात जादू आहे. जादू नाही. पहिल्या पैजेपासून त्या माणसाने काय काय केलं याची साखळी तो जोडत आलेला असतो, शेवटी फक्त मोठ्याने म्हणतो आणि त्या क्षणी समोरचा चेहरा बघतो. बोलणं शेवटचं दहा टक्के आहे, आधीचे नव्वद टक्के गप्प राहून झालेले असतात.

दुसरा, *चिथावणी*. टोनी जी या नावाने खेळणारा अँटानास ग्वोगा यासाठी ओळखला जायचा, हरून उठणाऱ्यालाही टोमणे मारायचा. २०१४ ते २०१९ तो युरोपीय संसदेत लिथुआनियाचा खासदार होता. अशा बोलण्याचा हेतू एकच असतो: तुम्ही पत्त्यांशी खेळणं सोडून त्याच्याशी खेळायला लागावं. ज्याने हे ओळखलं तो मान खाली घालून चिप्स मोजतो.

तिसरा, *खरं सांगून फसवणं*. २००६ चा विजेता जेमी गोल्ड स्पर्धाभर बडबडत होता, आणि कधीकधी आपल्याकडे काय आहे ते सरळ खरं सांगून टाकायचा. खोटं आणि खरं एकाच सुरात. ऐकणाऱ्याला दोन्हींतला फरक लागेना. इथे नवखा फसतो: "म्हणजे बोलत राहायचं, की जिंकतो!" गोल्डच्या पुढे शेवटच्या टप्प्यात चिप्सचा डोंगर होता. त्याची थाप उघडी पडली तरी तो संपत नव्हता, समोरचा चुकला की संपत होता. त्या बोलण्याला चिप्सचं वजन होतं. हेच शब्द कमी चिप्सवाल्याच्या तोंडी घालून बघा, कुणी ढुंकून बघणार नाही.

चौथा, *थकवणारं बोलणं*. २०१६ च्या मुख्य स्पर्धेत ब्रिटनच्या विल्यम कसूफने हे टोकाला नेलं. हातात नव्वीच्या वर एकही पत्ता नाही, जोडीही नाही, आणि सतत बोलून त्याने समोरच्याला राण्यांची जोडी टाकायला लावली. तो डाव जरूर बघा, बोलण्याची ताकद तिथे खरीच दिसते. पण पुढे तो प्रत्येक निर्णयाला मिनिटंच्या मिनिटं घेऊ लागला, टेबल वैतागलं, त्याला दंड झाला. शेवटी कॅनडाच्या ग्रिफिन बेंगरने त्याला तोंडावर खडसावलं, आणि त्याच डावात कसूफ सतराव्या क्रमांकावर बाहेर गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

या डावात टीव्हीने सांगितलेली गोष्ट आणि पत्त्यांनी सांगितलेली गोष्ट वेगळ्या आहेत. टीव्ही सांगतो, वाचाळाला शिक्षा झाली. पत्ते सांगतात, कसूफकडे राजांची जोडी होती आणि बेंगरकडे एक्क्यांची. राजांची जोडी घेऊन गप्प बसणारा संन्यासीही त्या डावात बाहेर गेला असता. एक्क्यांसमोर राजांची जोडी जिंकायची शक्यता साधारण १८ टक्के असते. कसूफचं वागणं मला पटत नाही, इतरांच्या वेळेचा त्याने मान ठेवला नाही. पण तो हरला ते त्या वागण्यामुळे नाही. बघणाऱ्याने दोन्ही वाक्यं डोक्यात एकदम धरायला शिकलं पाहिजे.

५. इरेला कोण पेटलंय ते बघा

अहंकार ओरडण्यात दिसतो असा आपला समज असतो. फिल हेलम्यूथ बघितला की तो पक्का होतो. हरला की उठून उभा राहतो, समोरच्याच्या खेळाला नावं ठेवतो, येरझाऱ्या घालतो. त्याला 'पोकर ब्रॅट' म्हणतात, पोकरमधलं हट्टी कार्टं. पण हाच माणूस १९८९ मध्ये २४ व्या वर्षी मुख्य स्पर्धा जिंकला, आणि तीही १९८७ आणि १९८८ लागोपाठ जिंकलेल्या जॉनी चॅनला हरवून. वर्ल्ड सिरीजची सतरा ब्रेसलेट, म्हणजे तिथली स्पर्धा जिंकल्यावर मिळणारी कडी, त्याच्या नावावर आहेत, इतकी कुणाकडेच नाहीत. अहंकारानेच माणूस बुडतो असं असतं तर हे झालं नसतं.

मी पाहिलेल्या भागांत त्याचा थयथयाट डाव संपल्यावर होतो. पुढचे पत्ते वाटले की तो परत बसतो आणि वाईट पत्ते तितक्याच शिस्तीने टाकतो. राग तोंडातून बाहेर पडतो, चिप्सपर्यंत पोचत नाही. खरा धोका ज्याचा राग चिप्सपर्यंत पोचतो त्याला. पोकरमध्ये याला टिल्ट म्हणतात. आपल्याकडे इरेला पेटणं हा शब्द त्यासाठी तयारच आहे.

ओळखायचं कसं? मोठा डाव हरलेल्या खेळाडूचे पुढचे सहा डाव वहीत लिहा. एरवी सहांतले एक-दोन खेळणारा आता चार-पाच खेळतोय का? ज्याने हरवलं त्याच्याच डावात शिरतोय का? पैज नेहमीपेक्षा पटकन आणि मोठी येतेय का? गप्प बसणारेही इरेला पेटतात, आणि तेच ओळखायला अवघड असतात. मात्र यासाठी न कापलेला, सलग भाग लागतो. खऱ्या टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात. कापलेल्या कार्यक्रमात दिवसभराच्या खेळातले मोजकेच दिसतात, तेही भांडणाचे आणि मोठ्या पॉटचे, म्हणजे मध्ये मोठ्या पैजा जमलेले. शांतपणे टाकून दिलेले शेकडो डाव कापले जातात, आणि कसब बरंचसं त्या कापलेल्या भागातच असतं.

६. टक्केवारी वाचा, पण तिच्यावरून शहाणपण ठरवू नका

पडद्यावर ८० टक्के, २० टक्के असे आकडे येतात. ते सगळे पत्ते माहीत धरून काढलेले असतात, खेळाडूकडे ते नसतात. तो वेगळा हिशोब करतो. समजा पॉटमध्ये ६०० आहेत, समोरच्याने ३०० लावले. तुम्हाला ३०० घालून एकूण १,२०० साठी खेळायचंय, म्हणजे चारात एकदा जिंकलात तरी बरोबरी. फ्लॉपनंतर तुमचे दोन आणि टेबलावरचे दोन असे चार इस्पीक असून पाचवा हवा असेल तर न दिसलेल्या ४७ पत्त्यांत ९ इस्पीक आहेत, पुढच्या एका पत्त्यात यायची शक्यता १९ टक्के. चारात एकदा म्हणजे २५. नुसत्या या हिशोबावर कॉल परवडत नाही. हे गणित चेहरा न बदलता पाच सेकंदांत करणं, याला मी कसब म्हणतो.

आणि सगळं बरोबर करूनही हरता येतं. 'हाय स्टेक्स पोकर'मध्ये नेग्रानूकडे छक्क्यांची जोडी, गस हॅन्सनकडे पंजीची. फ्लॉपला नव्वी, छक्की, पंजी. टर्नला आणखी एक पंजी. नेग्रानूचं फुल हाउस (तीन एकसारखे आणि एक जोडी) झालं, हॅन्सनच्या चार पंज्या झाल्या. ५ लाख ७५ हजार डॉलरचा तो पॉट हॅन्सनने नेला. तिथे नेग्रानूने पत्ते टाकायला हवे होते असं म्हणणाऱ्याने पट्टी काढूनच डाव बघितला असणार.

७. महिन्याभराने स्वतः बसा, चिंचोक्यांवर

नुसतं बघून आपलं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही. आम्ही बसायला लागलो तेव्हा मित्राच्या काकूही बसल्या. मेंढीकोट आणि पाच-तीन-दोन खेळून हात तयार झालेला, पण पोकर नवा. मी टीव्हीवर बघितलेलं सगळं बोलणं वापरत होतो. दोन तासांत माझे बहुतेक चिंचोके काकूंच्या वाटीत गेले. त्या एकदाही काही बोलल्या नव्हत्या. मी विचारलं, "काकू, तुम्हाला कसं कळत होतं?"

"अरे, तुझ्याकडे चांगले पत्ते आले की तू पाण्याचा ग्लास उचलतोस आणि गप्प होतोस," त्या म्हणाल्या. "नसले की गोष्टी सांगायला लागतोस."

खेळाडूंच्या लकबींचा अभ्यास केलेले माइक कॅरो हेच सांगत आले: माणूस सोंग घेतो तेव्हा उलटं घेतो, ताकद असली की दुबळेपणाचं आणि दुबळा असला की ताकदीचं. मी ते वाचलेलं होतं. काकूंनी ते माझ्या ग्लासात बघितलं. तेव्हापासून मी पत्ते चांगले असोत की वाईट, मनात पाचपर्यंत मोजतो, मगच हात हलवतो, आणि पाणी डाव संपल्यावर पितो. तुम्हीही आधी गप्प खेळायला शिका. बोलणं नंतर, आणि तेही प्रत्येक डावात सारखंच.

८. पैसे लावू नका

यात मला आडपडदा ठेवायचा नाही. संसदेने २०२५ मध्ये केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, खेळ कसबाचा आहे की नशिबाचा हा भेद न ठेवता. त्यांच्या जाहिरातीवरही बंदी आहे. आपल्या राज्यात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा अजून चालू आहे. त्यात केवळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे, पण पोकर त्यात बसतो का यावर न्यायालयांचं एकमत नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकरला जुगारच ठरवलं. तेव्हा "कसबाचाच खेळ आहे, काही होत नाही" असं सांगून कुणी फ्लॅटवर पैशाची बैठक बसवत असेल तर जाऊ नका. टेलिग्रामवरून लिंक पाठवणाऱ्यांना उत्तरही देऊ नका. माझ्या ओळखीतल्या एकाने अशा बैठकीत इरेला पेटून दुचाकीच्या हप्त्याचे पैसे घालवले आणि ते घरी सांगायला त्याला चार महिने लागले. चिंचोक्यांवर खेळतानाही तोच माणूस इरेला पेटतो, फक्त सकाळी सगळे चिंचोके डब्यात परत जातात.

९. कुठून सुरुवात करायची

पहिल्या शनिवारी मनीमेकर आणि फार्हाचा डाव, पट्टी लावून. दुसऱ्या शनिवारी नेग्रानू आणि हॅन्सनचा, त्यात पॉट किती झाला ते प्रत्येक टप्प्यावर वहीत लिहीत. तिसऱ्या शनिवारी 'हाय स्टेक्स पोकर'चा एखादा पूर्ण भाग, आवाज बंद करून, आणि समालोचन तुम्हीच मराठीत करायचं: कुणी किती लावले, का लावले, आता कोण टाकेल. आवाज बंद असला की फिल आयव्हीसारखा न बोलणारा खेळाडू आपोआप नजरेत भरतो, एरवी तो बडबडीत हरवतो. चौथ्या शनिवारी कसूफचे दोन्ही डाव.

गोल्डचे भाग शेवटी ठेवा, आणि तेही दोनदा बघा, आधी आवाज बंद करून, मग आवाजासह. दोन्ही वेळी तुमचे अंदाज वहीत समोरासमोरच्या पानांवर लिहा. आमच्या चौघांच्या वह्यांत आवाज बंद असतानाचं पान जास्त बरोबर निघालं. तुमचं काय निघतं ते पट्टी काढल्यावर कळेल.